खालच्या आजींची सही

नव्या घरात पाऊल टाकलं की आधी दूध उतू घालवायचं, हे आईनं नागपूरहून फोनवर मला इतक्या वेळा बजावलं होतं की शेवटी मी चिडून म्हटलं, "अगं, भाड्याचं घर आहे. वर्षाचा करार. घर मालकाचं, चूल मालकाची. मी कशाला दूध सांडत बसू?" आई म्हणाली, "दूध तर तुझं आहे ना?" आईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. आणि खरं सांगायचं तर मलाही ते हवंच होतं. लग्नानंतरचं माझं पहिलं घर, आणि ते अमेरिकेत, रेडमंडला, जिथे आमच्या ओळखीचं काळं कुत्रंही नव्हतं.

दोन हजार चारचा सप्टेंबर होता. नवरा तिथल्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. सामान म्हणजे चार बॅगा आणि एक गादी. मी देवाची तसबीर ओट्यावर टेकवली, पातेलं विजेच्या चुलीवर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि दुधाकडे बघत उभी राहिले. आईच्या गॅसवर दूध उतू गेलं की ज्योत चर्र करते आणि विषय संपतो. इथे खाली लालबुंद तापलेलं वेटोळं. दूध त्यावर सांडलं मात्र, आणि असा काही धूर झाला की मला समोरचा देव दिसेना. छतावरची धुराची घंटा कोकलायला लागली. नवरा टॉवेल फडकवत इकडून तिकडे पळाला आणि धूर बाहेर जावा म्हणून त्यानं घराचा दरवाजा सताड उघडला. इथे घात झाला. धूर कॉरिडॉरमध्ये गेला आणि कॉरिडॉरमधली घंटा ही आमच्या एकट्याची नव्हती, ती अख्ख्या इमारतीची होती.

मग काय, सगळी इमारत खाली पार्किंगमध्ये. भुरभुर पाऊस, कुणी पायजम्यात, कुणी शांपूच्या फेसासकट, कुणाच्या कडेवर मांजर. बंब आला. हेल्मेट घातलेला एक धिप्पाड माणूस वर जाऊन आला आणि त्यानं मला विचारलं, "काय शिजवत होतात?"

"दूध."

"विसरलात का चुलीवर?"

"नाही, समोरच उभी होते. मुद्दामच उतू घालवलं."

नवऱ्यानं माझा दंड दाबला. हेल्मेटवाल्यानं काही न लिहिता वही मिटली. सगळे जण परत जाताना माझ्याकडे न बघण्याचा फार प्रयत्न करत होते. तेवढ्यात जाडजूड निळा गाऊन घातलेली, काखेत पर्स धरलेली एक म्हातारी बाई माझ्याजवळ आली. आमच्याच बरोबर खालच्या घरात राहायची, हे मला नंतर कळलं.

"हनी," ती म्हणाली, "म्हणजे ते सांडायलाच हवं होतं?"

मी म्हटलं, "हो. नव्या घरात सांडलं की घर भरलेलं राहतं."

"मग झालं की तुझं काम," ती म्हणाली, आणि माझ्या हातावर थोपटून आत गेली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या इमारतीत राहता येईल.

वयानं एवढ्या मोठ्या बाईला नावानं हाक मारायची, ही तिथली रीत मला कधीच जमली नाही. मी त्यांना आजी म्हणायला लागले. अर्थ सांगितला तर त्या खूश झाल्या. त्यांच्या नातवंडांना त्यांचा फोन नंबरही पाठ नव्हता, असं त्या म्हणाल्या, पण तक्रारीच्या सुरात नाही.

आजी आयुष्यभर शाळेची बस चालवत होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक लेक, ती दूर अ‍ॅरिझोनात. आणि मी? मी नागपूरला एका सहकारी बँकेत काउंटरवर होते. लग्न करून नवऱ्याच्या व्हिसावर गेले आणि एका विमानप्रवासात 'डिपेंडंट' झाले. नोकरी करायची परवानगी नाही, घराच्या करारावर माझं नाव 'इतर राहणारे' या रकान्यात. बँकेत माझ्यापुढे रांग असायची, इथे दुपारी कुणी चुकून बेल वाजवली तरी मी केस सारखे करून दार उघडायचे. चिडचिड व्हायची. ती कुणावर काढायची हेही कळायचं नाही, मग ती पोळ्यांवर निघायची.

आजींनी हे आठवड्यातच ओळखलं. म्हणाल्या, "तुला ड्रायव्हिंग शिकवते. इथे गाडी चालवता आली नाही तर माणूस कुंडीतलं झाड होतो." त्यांची जुनी लांबलचक करड्या रंगाची गाडी पार्किंगमध्ये नुसती उभी असायची. नवऱ्यानं इन्शुरन्सवरून आठवडाभर कटकट केली, फोनाफोनी केली, आणि मग गप्प बसला, कारण वीकेंडला मला शिकवायची त्यालाही धास्तीच होती. मी विचारलं, "आजी, तुम्ही का नाही चालवत?" त्या म्हणाल्या, "कंटाळा आला."

ते काही खरं नव्हतं. त्यांचा उजवा हात थरथरायचा. त्या तो कायम गाऊनच्या खिशात नाहीतर पर्सखाली ठेवायच्या. चहा द्यायच्या तो नेहमी अर्धा कप. मला आधी वाटलं, चिक्कूपणा आहे. मग एकदा पाहिलं, स्वतःलाही अर्धाच घेतला होता. तो उचलताना डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं. भरलेला कप त्या कुणासमोर उचलतच नव्हत्या.

ऑक्टोबरमधल्या एका दुपारी त्यांनी आपण होऊन सांगितलं. लेक दर रविवारी फोन करायची आणि दर रविवारी तोच विषय काढायची. आईनं आता एकटं राहू नये. वृद्धांसाठीच्या एखाद्या चांगल्या जागी जावं. आणि तोवर आईच्या वतीनं लेकीला सह्या करता याव्यात, असे कागद करून टाकावेत. ख्रिसमसला ती ते कागद घेऊन येणार होती.

"इथून जायला माझी ना नाही," आजी म्हणाल्या. "आज ना उद्या जावंच लागेल, मला कळत नाही का? पण मला सामानासारखं उचलून नेलेलं चालणार नाही. जाईन तेव्हा माझ्या सहीनं जाईन. माझी सही दुसऱ्या कुणी करायची नाही, पोटच्या पोरीनंही नाही."

मी बँकेतली बाई. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या वर्षी निवडणूक होती. आमच्या मराठी मंडळींच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, मसालेभाताच्या ट्रेभोवती उभं राहून असे काही वाद व्हायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं यांच्यावरच देश अडलाय. त्यातल्या एकालाही मत नव्हतं. मत नव्हतं म्हणूनच की काय, मतं भरपूर होती. आणि यातलीच निम्मी मंडळी पुण्यात असताना मतदानाची सुट्टी जोडून महाबळेश्वरला जाणारी. नवरा तावातावानं एका बाजूनं बोलायचा. आजी नेमक्या दुसऱ्या बाजूच्या. इमारतीच्या नियमात खिडकीत पाटी लावायला बंदी होती, बाल्कनीत कपडे वाळत घालायलाही होती. म्हणून आजींनी उमेदवाराचं स्टिकर गाडीच्या मागे लावलं. आता ती गाडी चालवणारी मी. नवरा म्हणायचा, "अगं, लोक काय समजतील? तू त्या पार्टीची?" मी म्हणायचे, "मी कुठल्याच पार्टीची नाही, मी डिपेंडंट आहे."

आजींनी मतपत्रिका पोस्टानं मागवली होती. ती भरली त्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरातच होते. त्यांनी टेबल पुसलं, चष्मा पुसला, रेडिओ बंद केला. एकेका गोलात शाई भरायला त्यांना फार वेळ लागत होता, पण त्यांनी मदत मागितली नाही आणि मीही पुढे झाले नाही. शेवटी पाकिटावर सही केली. ती मला उलटीकडून दिसली. पहिलं अक्षर ठीक, मग ओळ थरथरत खाली उतरत गेलेली. माझ्या मनात आलं, ही माझ्या काउंटरवर आली असती तर मी परत पाठवली असती. पण म्हटलं, हा अमेरिकेचा कारभार आहे, इथे असल्या बारीक गोष्टी कोण बघतंय.

अध्यक्षाचा निकाल लागला, पॉटलक थंडावले. पण आमच्या राज्याच्या गव्हर्नरची निवडणूक काही केल्या संपेना. दोघांत इतका थोडा फरक, की एकदा मोजणी झाली, मग पुन्हा मोजणी, मग हातानं पुन्हा. थँक्सगिव्हिंग गेलं, डिसेंबर उजाडला, पाऊस लागला तो थांबेना, आणि तिकडे मतं मोजणं चालूच. नवरा रोज ऑफिसातून आल्यावर आधी आकडा बघायचा आणि मग जोडे काढायचा.

अशाच एका संध्याकाळी मी आजींकडे बटाटेवडे घेऊन गेले होते, तर दारावर टकटक झाली. रेनकोट घातलेली एक मध्यमवयीन बाई उभी होती. आजींच्याच पक्षाची स्वयंसेवक होती. ती फार अदबीनं बोलत होती. म्हणाली, "मॅडम, तुमचं मत मोजलेलं नाहीये. बाजूला ठेवलंय. पाकिटावरची सही तुमच्या रेकॉर्डमधल्या सहीशी जुळत नाही." स्वतः ऑफिसात जाऊन सही नीट करून दिली तर मत धरतील, पण थोडेच दिवस उरलेत, एवढं सांगून ती पुढच्या घराकडे गेली.

आजी खुर्चीत बसल्या. वड्यांची ताटली बाजूला सारली. मग म्हणाल्या, "म्हणजे सरकारचंही लेकीसारखंच म्हणणं आहे. ती मी नाही."

त्यांना मताची काळजी होती, नव्हती असं नाही. पण ख्रिसमस तोंडावर होता, लेक कागद घेऊन निघणार होती, आणि तिला जे दर रविवारी पटवून द्यायचं होतं, ते आता सरकारनंच शिक्का मारून सांगितल्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, "आजी, हे काम माझं आहे. हे मी रोज करायची."

आणि खरंच करायची. आमच्या बँकेत नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. सगळे पेन्शनर आपण जिवंत आहोत हे सांगायला यायचे. येऊन सही करायची, ती कार्डावरच्या जुन्या सहीशी जुळली पाहिजे. कुणाचा हात थरथरायचा, कुणाला दिसायचं नाही. समोर माणूस उभा, खोकतोय, घाम पुसतोय, आणि आम्ही म्हणायचो, "काका, जुन्यासारखी करा बरं." मग मी त्यांना कोरा कागद द्यायची, बाकावर बसवायची. काका गिरवत बसायचे. जमली की काउंटरवर यायचे. माझ्या हाताखाली कित्येक काका-काकू पास झाले होते, आणि त्याचा मला अभिमान होता.

तोच वर्ग मी आजींच्या टेबलावर भरवला. त्यांच्या कपाटातून त्यांची जुनी सही शोधली. काय सही होती. एका झटक्यात मारलेली, शेवटी लांब शेपूट, बस वळवताना हात फिरवावा तशी. मी जाड पेन आणलं. "कोपर टेकवा. श्वास सोडताना लिहा. पहिलं अक्षर मोठं." आजी शाळेतल्या मुलीसारख्या जीभ दाताखाली धरून गिरवायच्या. रोज सकाळी, नवरा ऑफिसला गेला की. कधी माझं डोकं सटकायचं आणि मी काउंटरवरच्या आवाजात म्हणायची, "अहो, शेपूट कुठे गेलं?" त्या म्हणायच्या, "हनी, तुझ्या बँकेत लोक मरायला येत असतील." एकदा मात्र अगदी जुळली. आम्ही ती फ्रिजवर लावली आणि उरलेला चहा प्यायलो. अर्धाअर्धा कप.

जायच्या दिवशी नवऱ्याची मीटिंग होती. निवडणुकीचं ऑफिस सिअ‍ॅटलला, म्हणजे तळ्यावरचा पूल ओलांडून पलीकडे. तो पूल पाण्यावर तरंगता. वारा सुटला की लाटा कठड्यावरून रस्त्यावर येतात. मी तोवर लायब्ररी आणि इंडियन स्टोअर एवढंच ड्राइव्ह केलेलं. "बसनं जाऊ या," मी म्हटलं. आजी म्हणाल्या, "माझं मत मी बसमध्ये उभं राहून न्यायचं? गाडी काढ."

पुलावर माझे हात घट्ट, पाठ ताठ, वायपर खटाखट, दोन्ही बाजूंना ट्रक. आजी शेजारी बसून शांतपणे सांगत होत्या, पुढे बघ, पाण्याकडे बघू नकोस, पाणी कुठे जात नाही. ज्या आवाजात त्यांनी पोरांच्या कित्येक पिढ्या शाळेत पोचवल्या असतील, त्याच आवाजात. पलीकडे पोचल्यावर माझा जीव भांड्यात पडला. तेव्हा लक्षात आलं की सगळा वेळ त्यांनी उजवा हात डाव्या हातात धरून ठेवला होता. "आज ऐकत नाहीये," त्या हळूच म्हणाल्या.

ऑफिसात बरीच माणसं होती, बहुतेक अशीच सह्यांसाठी आलेली. आमचा नंबर आला. काउंटरपलीकडे जाड चष्म्याचा, स्वेटर घातलेला एक बाप्या होता. त्यानं आजींचं लायसन्स बघितलं, चेहरा बघितला, आणि एक कागद पुढे सरकवला. आजींनी कोपर टेकवलं. श्वास सोडला. पहिलं अक्षर मोठं काढलं आणि हात असा काही उडाला की शेपूट कागदाबाहेर गेलं. दुसरा कागद. तोही बिघडला. आजींच्या कपाळावर घाम आला. मी मागून कुजबुजत होते, "घाई नको, जुन्यासारखी, जुन्यासारखी." तिसरा कागद मागितला तेव्हा तो माणूस म्हणाला, "मॅडम, तुम्ही काय करताय?"

आजी म्हणाल्या, "जुनी सही."

"ती आहे की आमच्याकडे," तो म्हणाला. "ती परत कशाला हवी? तुम्ही आत्ता, आजच्या दिवशी जशी करता, तशी करा. मी ती ठेवून घेतो."

आजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या झेंड्याकडे पाहायला लागले.

मग त्यांनी कोपर उचललं, मनगट सोडलं, आणि सही केली. एकदाच. थरथरत, खाली उतरत जाणारी, शेपटाविना. त्या माणसानं पाकिटावरची सही काढून शेजारी धरली. दोन्ही अगदी सारख्या थरथरल्या होत्या. त्यानं शिक्का मारला आणि म्हणाला, "झालं. आता हीच तुमची सही. मत धरलं जाईल."

आम्ही गाडीत येऊन बसलो आणि मला रडू फुटलं. साधंसुधं नाही, हुंदके देऊन. आजी गोंधळल्या. त्यांना वाटलं, पुलाची भीती वाटतेय. मला ते सगळे काका-काकू दिसत होते, बाकावर बसून तरुणपणाची सही गिरवणारे. जिता माणूस समोर उभा असताना आम्ही त्याला कार्डासारखं व्हायला सांगायचो. कार्ड बदलावं, हे बँकेत कुणाच्या डोक्यातच आलं नाही. एवढी सोपी गोष्ट. मी हे सगळं रडत रडत, अर्धं इंग्रजीत अर्धं मराठीत आजींना सांगितलं. त्यांना किती कळलं देव जाणे. त्यांनी पर्समधून टिश्यू काढून दिला आणि म्हणाल्या, "हनी, रडत रडत ड्राइव्ह करायचं नाही. आधी रडून घे, मग गाडी काढ." त्या थांबल्या. मी रडून घेतलं, मग गाडी काढली.

आजींचा उमेदवार जिंकला की हरला, ते मी इथे सांगत नाही. आमच्या घरात त्यावरून अजून भांडण होतं.

ख्रिसमसला लेक आली. मी तिच्याशी भांडायच्या तयारीतच होते, पण ती तशी निघाली नाही. आजींसारखेच डोळे, थकलेला चेहरा, सोफ्यावर झोपायची आणि पहाटे उठून आईच्या बाथरूममध्ये पाय घसरू नये म्हणून चटई लावत बसायची. आजींनी तिला सहीची सगळी गोष्ट अगदी रंगवून सांगितली. लेकीनं ऐकून घेतली, हसलीही. मग म्हणाली, "आई, सही तुझीच आहे, मला मान्य आहे. मला भीती तू पडशील याची आहे." तिनं आणलेले कागद सहीविनाच पाकिटात परत गेले.

फेब्रुवारीत आजी पडल्या. सकाळी ड्रायव्हिंगला जायचं म्हणून मी खाली गेले, तर दार उघडेना. आतून शांपूची बाटली टबवर आपटल्याचा आवाज येत होता. मी धावत जाऊन मॅनेजरला किल्ली घेऊन बोलावलं. हाड मोडलं नव्हतं, नुसता मुका मार, पण रात्रीपासून त्या तिथेच होत्या. मी त्यांना ब्लँकेटमध्ये गुंडाळून चहा दिला. त्यांनी खिडकीबाहेर पार्किंगकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "फोन दे." लेकीला म्हणाल्या, "जागा बघायला लाग. महाग नको, आणि खिडकीतून रस्ता दिसला पाहिजे. गाड्या दिसल्या पाहिजेत."

जागा ठरली. कागद बरेच होते, पान पान सह्या. लेक शेजारी बसून एकेक पान उलटत होती, आजी एकेक सही करत होत्या. तिथल्या बाईनं मध्येच म्हटलं, "उरलेल्यांवर तुमच्या मुलीची सही चालेल, तुम्हाला त्रास नको." मी तोंड उघडणार, तेवढ्यात लेक म्हणाली, "नाही. ती करेल. आम्हाला घाई नाही." मला तेव्हा तिला मिठी मारावीशी वाटली, पण तेवढी ओळख नव्हती.

सामान हलवलं त्या दिवशी मी सुट्टीच टाकली. कुठून टाकणार म्हणा, मला नोकरी कुठे होती, पण तसं म्हणायला बरं वाटलं. नवी खोली एकच, स्वच्छ, उजेडाची. खाली रस्ता, गाड्या, बसथांबा. लेक कपाट लावत होती. आजी पलंगाच्या कडेला बसून भिंती बघत होत्या. कोरं काही आपलं वाटत नाही, तसा चेहरा झाला होता. एकदम म्हणाल्या, "आणि तुझं ते दूध?"

खोलीत चूल नव्हती. आग लागेल म्हणून तिथे कुणालाच देत नाहीत. एका कोपऱ्यात छोटा मायक्रोवेव्ह होता. मी खालच्या कँटीनमधून दूध आणलं, कपात काठोकाठ भरलं. या वेळी शहाणपण आलेलं. खिडकी उघडली, दार घट्ट लावलं, लेकीला टॉवेल देऊन धुराच्या घंटेखाली उभं केलं. तिला वाटलं, आम्हा दोघींचं डोकं फिरलंय. काचेतून आम्ही तिघी बघत होतो. मायक्रोवेव्हमधलं दूध आधी नुसतंच गप्प बसतं, आणि मग आईच्या गॅसवरच्यासारखं सावकाश वर न येता एकदम उसळतं. तसं ते उसळलं आणि काचेच्या ताटलीवर पसरलं. धूर नाही, घंटा नाही. मी मनातल्या मनात हात जोडले.

कपात थोडं दूध शिल्लक होतं. जरा निवू दिलं, आणखी दूध घालून कप भरला आणि प्रसाद म्हणून आजींपुढे धरला. मला अर्धाच द्यायचं भान राहिलं नाही. त्यांनी भरलेल्या कपाकडे पाहिलं, मग उजवा हात गाऊनच्या खिशातून काढला आणि आमच्या दोघींसमोर तो कप उचलला. तो हिंदकळला. दूध बशीत सांडलं, त्यांच्या मांडीवर सांडलं, नव्या सतरंजीवर सांडलं. लेक टॉवेल घेऊन धावली आणि आईचा हात धरायला वाकली.

"राहू दे," आजी तिला म्हणाल्या. "हे सांडायलाच हवं असतं."